एक टिपण, तीन पत्ते

समजा, आसेगावचा एक विद्यार्थी वाचताना हे वाक्य अधोरेखित करतो : काळी माती पाणी शोषून फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. हे टिपण कोठे ठेवावे? भूगोलाच्या वहीत, रसायनाच्या की शेतीच्या? कागद एक, म्हणून जागाही एकच. सहा महिन्यांनी दुसऱ्याच वहीत शोधले, तर ते सापडत नाही. वाचलेले वाया जाते.

संगणकाला ही अडचण नाही. २००६ साली निघालेल्या झोटेरो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०२२ पासून पीडीएफमधील उतारा रंगवून त्याला टॅग, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, जोडता येतात. वरील टिपणाला ‘माती’, ‘पाणी’ व ‘शेती’ असे टॅग द्या. टिपण एक, पत्ते तीन!

गणितात तुम्ही संच शिकता. प्रत्येक टॅग म्हणजे एक संच. ‘माती’ आणि ‘पाणी’ यांचा छेद घेतला, की दोन्हींत असलेली टिपणेच उरतात. टॅग २० असले, तर अशा जोड्या (२० × १९) ÷ २ = १९० होतात.

मात्र एक पथ्य पाळा. आपल्या दृष्टीने ‘माती’ आणि ‘मृदा’ एकच. पण टॅग जुळवताना संगणक अक्षरे पाहतो, अर्थ नव्हे. म्हणून टॅगांची यादी आधीच ठरवा व ती लहान ठेवा.

संगणक नसला तरी अडत नाही. टिपणांना क्रमांक द्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक टॅगपुढे ते लिहा. दोन ओळींत सारखे आलेले क्रमांक म्हणजेच छेद. करून पाहा!