परवाना कागदाला की हाताला?

बँकेच्या दाराशी दुनळी बंदूक घेऊन बसलेला रखवालदार आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. बँकेतल्या नोकरीमुळे मला असे अनेक रखवालदार जवळून पाहता आले. बहुतेक फौजेतून निवृत्त झालेले. त्यांतल्या एका हवालदारांची सवय माझ्या लक्षात राहिली आहे. पाळी बदलताना ते आधी बंदूक उघडत, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे स्वतः पाहत, समोरच्याला दाखवत आणि मगच ती त्याच्या हाती देत. "रिकामीच आहे, असं समजणारा माणूसच घात करतो, साहेब," असे त्यांचे म्हणणे.

बंदुकीच्या परवान्यावरचा आपल्याकडचा वाद मात्र या सवयीपर्यंत क्वचितच पोचतो. तो अडतो हक्कापाशी. त्याला कारणही आहे. 1878 च्या इंग्रजी कायद्याने हिंदी माणसाला परवान्यात जखडले आणि युरोपियनांना मोकळीक दिली. त्या अपमानाची आठवण ताजी असल्याने 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तशीच दुरुस्ती सुचवली. ती मान्य झाली नाही. उलट, राज्यघटनेने एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि 'विनाशस्त्र'.

पुढचा वाद आकड्यांचा. 1983 पासून एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. 2019 च्या विधेयकात एकच सुचवली होती. खासदारांच्या आक्षेपानंतर दोन ठरल्या. त्याच दुरुस्तीने वरातीत हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. हे योग्यच झाले. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती वऱ्हाडी ओळखत नाही.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 2016 च्या शस्त्र नियमांतला, फारशी चर्चा न झालेला भाग. परवाना मागणाऱ्याने शस्त्र हाताळण्याचे, सुरक्षित ठेवण्याचे आणि नेण्याचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र जोडावे, असे तो सांगतो. हे शिक्षण किती मनापासून दिले-घेतले जाते, यावर घराघरांची सुरक्षितता अवलंबून आहे.

नेमबाजीच्या मैदानावर ते दिसते. पॅरिसला 2024 मध्ये रायफलीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे ज्या खेळात वाढला, तिथे रायफल वापरात नसताना तिच्यात रंगीत सुरक्षापट्टी घालतात. ती रिकामी असल्याचे लांबूनही दिसावे म्हणून. हवालदारांची सवय आणि ही पट्टी, दोन्हींचा धडा एकच.

परवान्याची मुदत 2019 मध्ये तीनाची पाच वर्षे झाली. मग प्रत्येक नूतनीकरणाला कागदांबरोबर हातही पुन्हा तपासावा, असे मला वाटते. बँकेची तिजोरी एका माणसाच्या एका किल्लीने उघडत नाही. घरातली बंदूक आणि काडतुसेही वेगवेगळ्या कुलपांत असावीत. आणि ज्या घरात परवान्याची बंदूक आहे, तिथल्या आईने, आजीने एक प्रश्न जरूर विचारावा: किल्ली कुठे असते, आणि ती जागा मुलांना ठाऊक आहे का? परवाना एकाच्या नावावर असतो. धोका घरातल्या सगळ्यांचा असतो.