सगळं खपलं, मग नफा गेला कुठं?



दिवाळीनंतर गटाचा हिशेब मांडला आणि आमची तोंडंच उतरली. चकलीचं एकही पाकीट उरलं नव्हतं, पण तेल, बेसन नि टेम्पोचं भाडं वजा जाता हाती काही राहिलं नाही. हाच प्रश्न मोठ्या विमान कंपन्यांनाही पडतो, म्हणून आज त्यांचा हिशेब समजून घेऊ.

सिंगापूर एअरलाइन्सनं २००४ मध्ये सिंगापूरहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला थेट विमान सुरू केलं. अंतर १५ हजार किलोमीटरहून जास्त, प्रवास साधारण १८ तासांचा. मध्ये थांबा नाही, म्हणजे सगळं इंधन निघतानाच भरायचं. त्याचं वजन इतकं, की ते वाहून न्यायलाच आणखी इंधन जळतं! म्हणून सीट ठेवल्या फक्त १८१. २००८ मध्ये त्या १०० वर आणल्या, सगळ्या महागड्या. तरी चार इंजिनांचं ते विमान परवडेना. २०१३ मध्ये सेवा बंद झाली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती दोन इंजिनांच्या, कमी इंधन खाणाऱ्या विमानानं. तेव्हा सीट ठेवल्या १६१, पण सगळ्यात स्वस्त वर्गाची एकही नव्हती.

आपला वडापवाला जीप भरेपर्यंत थांबतो. विमानाला वेळेवर सुटावंच लागतं. सुटलं, की रिकाम्या सीटचे पैसे बुडाले. ती उद्या विकता येत नाही. म्हणून बरेचदा आधी काढलेलं तिकीट स्वस्त, ऐनवेळचं महाग. पण सगळ्याच सीट स्वस्तात दिल्या, तर भरलेलं विमानही तोट्यात जातं. जगभरच्या विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेचा जून २०२४ मधला अंदाज होता, की एका प्रवाशामागे नफा उरेल जेमतेम ६ डॉलर, म्हणजे सुमारे ५०० रुपये.

आमचं चुकलं ते इथंच. शेजारच्या स्टॉलचा भाव बघून आम्ही आमचा भाव लावला. टेम्पोचं भाडं धरलं नाही आणि स्वतःची मजुरी तर कुणाच्या ध्यानातही आली नाही.

आता कढई चढवण्याआधी आम्ही वहीत तीन गोष्टी लिहितो: एका पाकिटाला मजुरीसकट खर्च किती, टेम्पोचं भाडं किती, आणि ते भाडं निघायला किती पाकिटं विकायला हवीत. त्यानंतरच भाव ठरतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एकाच मालाचा असा हिशेब मांडून बघा.