वायूच्या विहिरीतील पाण्याचा हिशोब

रायगडच्या किनाऱ्यावर नैसर्गिक वायूचे नवल राहिलेले नाही. १९७४ साली बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि पुढे समुद्राखालच्या पाइपलाइनीने तेल व वायू उरणला येऊ लागले. थळचा खत कारखाना वायूवर चालतो, नागोठण्याच्या कारखान्यालाही उरणहून कच्चा माल जातो. आमच्या कापडाच्या धंद्यात पगाराच्या तारखेला येणारे गिऱ्हाईक बरेचसे या कारखान्यांतलेच. त्यामुळे वायूचा फायदा आम्हाला ठाऊक आहे. पण वायूबरोबर जमिनीतून पाणीही निघते. त्याचा हिशोब व्यापारी बंधू क्वचितच विचारतात.

समुद्रातल्या विहिरींचे पाणी आपल्या नजरेआड असते. तेलक्षेत्र जुने होत जाते तसे पाण्याचे प्रमाण वाढते. ते खारट असते व त्यात तेलाचा अंश असतो. तो काढल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. जमिनीवरच्या विहिरींत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिथे शेजारी समुद्र नसतो, शेत असते.

याचे मोठे उदाहरण म्हणजे कोळशाच्या थरांतून काढला जाणारा मिथेन वायू. कोकणात कोळसा नाही, पण चंद्रपूर, वणीकडे वर्धा खोऱ्यात आहे. केंद्र सरकारने या वायूचे धोरण १९९७ साली आखले. बंगालमधील राणीगंज येथे २००७ साली व्यापारी उत्पादन सुरू झाले, तर मध्य प्रदेशातील सोहागपूर येथे २०१७ साली. एकदा वायू देशाच्या मोठ्या पाइपलाइनीत शिरला की तो कोणत्या विहिरीचा, हे चुलीला कळत नाही.

हा वायू कोळशाला चिकटून असतो आणि थरातील पाण्याचा दाब त्याला धरून ठेवतो. म्हणून आधी पंपाने पाणी उपसावे लागते. दाब उतरला की वायू सुटू लागतो. सुरुवातीला पाणी भरपूर आणि वायू थोडा, मग पाणी कमी होत जाते व वायू वाढतो. आपल्या भाषेत सांगायचे तर दुकानाची पागडी आधी भरायची आणि विक्री नंतर. ज्याने पाण्याचा खर्च धरला नाही, त्याचा हिशोब पहिल्याच वर्षी चुकतो.

हे पाणी नेहमीच समुद्राइतके खारट नसते. काही ठिकाणी ते चवीला बरेही लागते. तरी त्यात सोडियम जास्त असू शकते. सोडियमने चिकणमाती फुगते, तिची छिद्रे बुजतात आणि जमिनीत पाणी मुरेनासे होते. विदर्भाच्या काळ्या जमिनीला हा धोका मोठा. रायगडच्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पेण, अलिबागकडे खारबंदिस्तीचा बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले की भाताचे पीक जाते, आणि त्या शेतकऱ्याची उधारी आमच्या वहीत पडून राहते.

उपाय अनेक आहेत, फुकट एकही नाही. पाणी खोल थरात परत सोडता येते, पण तसा थर हवा आणि दाबाचा खर्च हवा. तलावात वाळवता येते, पण मीठ मागे उरते आणि अस्तर फाटले तर ते विहिरींत उतरते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१० नंतर अशा तलावांवर भिस्त ठेवणे थांबवले व पाणी शुद्ध करून शेतीला, उद्योगाला देण्यावर भर दिला. जिप्सम मिसळून सोडियमचा परिणाम कमी करता येतो. घरच्या आरओसारख्या मोठ्या यंत्रांतून पाणी गोडे करता येते, मात्र उरलेले दाट खारे पाणी कुठे न्यायचे हा प्रश्न राहतोच.

हा धडा कापडवाल्यांनी तिरुपूरमध्ये महागात घेतला. रंगाईच्या खाऱ्या पाण्याने नोय्यल नदी बिघडली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७०० हून अधिक रंगाई कारखाने बंद झाले. त्या उन्हाळ्यात आमचा होजिअरीचा माल अडकला. आगाऊ पैसे दिले होते, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याकडे गेले. त्याआधीची अनेक वर्षे स्वस्त भाव पाहून आम्हीही खूष होतो. त्या भावात पाण्याचा खर्च धरलेला नाही, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आता तिथे एक थेंबही बाहेर न सोडण्याची सक्ती आहे. पाणी पुन्हा वापरात येते, पण मीठ साठवावे लागतेच.

म्हणून सांगणे एवढेच. वायू किंवा तेलाच्या कामात पंप, पाइप, टँकर, तलावाचे अस्तर पुरवण्याचे कंत्राट कोणा बंधूला मिळाले, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: रोज पाणी किती निघणार, त्यात मीठ किती, आणि शेवटी ते मीठ कुठे जाणार? जनसुनावणी होईल तेव्हा हेच प्रश्न शेतकरी व कोळी बांधवांबरोबर बसून मांडावेत. पाण्याचे पान कोरे ठेवलेल्या वहीतला नफा खरा मानू नये. ती उधारी आज ना उद्या कोणाच्या तरी दारात वसुलीला येते.