गणपतीपुळ्याला चाललाय? एक सकाळ सड्यासाठी ठेवा

थंडीत गणपतीपुळ्याला गाडी काढणारे बहुतेक जण दर्शन आणि समुद्र झाला की परततात. पण रत्नागिरीचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पायी पाहायचा तर हेच दिवस. पावसाळ्यात तिथली कातळशिल्पं पाण्या-गवताखाली जातात आणि उन्हाळ्यात कातळ तापतो.

उक्षीला कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे, जांभरूणला शिल्पांचा समूह. दोन्ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. रेषा उथळ असतात, तिरप्या उन्हात त्यांच्यात सावली भरली की आकृती उठते. भर दुपारी मात्र शिल्प पायाखाली असूनही कळत नाही, आणि खरा धोका तोच. अनेक शिल्पांना ना कुंपण, ना पाटी. त्यात घरांचे चिरे याच जांभ्यातून निघतात. चिरेखाण सरकत आली की शिल्प गेलंच. म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवा, गावातल्या माणसाला सोबत घ्या, फोटोसाठी रेषांत खडू भरू नका.

परतल्यावर जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघा. पुढे गुहागरला जायचं असेल, तर जयगडहून तवसाळला फेरीबोटीत गाडीही चढते.