रबराची वेल आणि जहाजांच्या नोंदी

१८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि युरोपात रबराची मागणी झपाट्याने वाढली. रबर देणाऱ्या रानवेली आफ्रिकेत काँगोच्या जंगलात भरपूर होत्या. १८८५ पासून हा सारा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होता.

वेलीला खाचा पाडून चीक गोळा करणे हे वेळखाऊ काम. प्रत्येक गावाने ठरावीक वजनाचे रबर भरलेच पाहिजे, अशी सक्ती झाली. ते कमी पडले तर फटके बसत, बायकांना ओलीस धरले जाई, गोळ्याही घातल्या जात. घाईपोटी लोक वेलच तोडत. मग पुढच्या खेपेला आणखी आत जावे लागे. शेते ओस पडली, उपासमार झाली आणि खंगलेल्या लोकांत निद्रारोग पसरला.

हे उघडकीस कसे आले? लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतील कारकून एडमंड मोरेल याला नोंदींत एक विसंगती दिसली. अँटवर्प बंदरात काँगोहून रबर आणि हस्तिदंत येई. परत जाणाऱ्या जहाजांत मात्र प्रामुख्याने बंदुका आणि दारूगोळा असे. मोबदला जात नाही, तरी माल येतो. म्हणजे मजुरी सक्तीची असली पाहिजे! ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालाने या तर्काला दुजोरा दिला. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला. सक्तीची मजुरी मात्र त्यानंतरही चालूच राहिली. स्वातंत्र्य मिळाले ते १९६० मध्ये.

वर्गात फळ्यावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालाच्या दोन याद्या लिहा. निष्कर्ष विद्यार्थ्यांनाच काढू द्या.