नाणेघाट : मालाची वाट

भिवंडी तालुक्यातलं पूर्णा गाव आज ओळखलं जातं ते गोदामांमुळे. या पट्ट्यात पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, काल्हेर ही गावं एकमेकांत मिसळून गेली आहेत. जिथे आगऱ्यांची भातखाचरं होती, तिथे पत्र्याच्या छपराखाली साबणापासून मोबाइलपर्यंत सगळं रचून ठेवलेलं असतं. न्हावाशेव्याहून कंटेनर येतो, माल उतरतो, वेगवेगळ्या गाड्यांत विभागला जातो आणि घाटावर रवाना होतो. हा धंदा नव्या जमान्याचा, असं इथल्या तरुण पोरांना वाटतं. पण उल्हास नदीच्या खाडीकाठी समुद्रावरचा माल उतरवायचा आणि सह्याद्री चढवून देशावर न्यायचा, हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीही चालत होता. त्याची पावती अजून डोंगरावर आहे. तिचं नाव नाणेघाट.

पूर्णा गावातून कल्याण गाठायचं, तिथून मुरबाड, टोकावडे करत माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्यापर्यंत जायचं. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. त्या भिंतीत एक अरुंद खिंड आणि खिंडीच्या बाजूला वर उठलेला एक कडा दिसतो. तोच नानाचा अंगठा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यातून दख्खनचा हा काळा कातळ झाला. कोकणाच्या अंगाला तो असा सरळ तुटलेला आहे की माणूस आणि बैल चढू शकतील अशा जागा मोजक्याच. नाणेघाट त्यातली एक. खालून पायवाट झाडीतून वर जाते आणि शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. वर आलं की घाटघर, पुढे जुन्नर.

आता या खिंडीला 'नाणेघाट' का म्हणतात, याची गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. नाना आणि गुणा असे दोघे भाऊ. घाट कोण आधी फोडतो, अशी पैज लागली. नानाने बाजी मारली, म्हणून घाट त्याचा आणि अंगठाही त्याचा. गुणाची वाट अर्धीच राहिली. सांगणारा बदलला की तपशील बदलतो, हरणाऱ्याचं पुढे काय झालं तेही बदलतं. मला या गोष्टीतलं एक आवडतं. राजाने घाट बांधला असं लोक म्हणत नाहीत. दोन राबणारी माणसं आणि एक पैज, एवढंच त्यांना पुरतं. प्रत्यक्षात ज्यांनी पहारीने कातळ फोडला, त्यांची नावं कुठेच नाहीत. लोककथेने निदान त्यांच्या जागी दोन नावं ठेवली.

घाटमाथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं म्हणतात : येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यात नाणी टाकायची. पुरावा परंपरेचाच आहे. पण इतक्या अवघड चढणीवर, जिथून मालाला दुसरी पळवाट नाही, तिथे राजाचा माणूस बसला नसेल हे मला पटत नाही. रांजण कशाचाही असो, नाका इथेच असणार.

खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेलं लेणं आहे. लेणं म्हणताना डोळ्यांपुढे कार्ले-भाजे येतं, तसं इथे काही नाही. चैत्य नाही, स्तूप नाही. एक मोठी चौकोनी खोली, बसायला बाक आणि जवळ पाण्याची टाकी. मात्र या खोलीच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लांबलचक लेख आहे, आणि तो महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या कागदांपैकी एक आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस तो पडला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातले आकडे उलगडले आणि १८८३ मध्ये जॉर्ज ब्यूलर यांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं.

लेख आहे सातवाहनांच्या राणीचा. नागनिका किंवा नायनिका तिचं नाव, पहिल्या सातकर्णीची ती पत्नी. महारठी ही पदवी मिरवणाऱ्या सरदार घराण्यातली लेक, राजपुत्रांची आई, नवऱ्यामागे महिना-महिना उपास करून घरातच तापसीसारखी राहणारी, असं तिचं वर्णन लेखात येतं. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. मग यज्ञांची यादी सुरू होते, त्यात अश्वमेधही आहे. आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा : गायी, घोडे, हत्ती, गाव आणि कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. एका ठिकाणी चोवीस हजार चारशे कार्षापणांची नोंद आहे. जागोजागी दगड झिजला आहे, शब्द गळले आहेत, आकडे मात्र टिकले आहेत. ते आकडे आपल्यासारखे मांडलेले नाहीत. तिथे शून्य नाही, स्थानाला किंमत नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत नाणेघाटाची गणना होते ती यामुळे.

लेख नेमका कधीचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ब्यूलर त्याला इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेतात. पुढच्या बऱ्याच संशोधकांनी तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ओढला. शंभर वर्षं इकडे की तिकडे, मराठी मुलखात राज्य करणाऱ्या पहिल्या मोठ्या घराण्याचा हिशेब राणीच्या नावाने उघड्यावर कोरला गेला, हे काही बदलत नाही. जुन्नरला मिळालेल्या एका चांदीच्या नाण्यावरही सातकर्णीबरोबर तिचं नाव आहे.

मागच्या भिंतीवर एकेकाळी या घराण्याच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. आता मूर्ती गेल्या, डोक्यावर कोरलेली नावं तेवढी उरली : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सातकर्णी, कुमार, महारठी. सासरच्या रांगेत हा महारठीही आहे, आणि तो राणीचा बाप असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हाच्या राजकारणात सोयरिकीला किती वजन होतं ते यावरून कळतं.

पण एवढा खर्च करून हे सगळं घाटाच्या तोंडाशी का? राजधानीत का नाही? कारण वाचणारा इथून जाणार होता. पैठणच्या आणि तेरच्या बाजारातून निघालेला व्यापारी जुन्नर मागे टाकून इथे थांबायचा, टाक्यातलं पाणी प्यायचा आणि मग उतरायचा. कोकणातून चढणारा दमून इथेच टेकायचा. राज्य कोणाचं, त्याच्याजवळ किती आहे आणि तो देतो किती, हे त्याला बसल्या जागी दिसत होतं.

कल्याण बंदराचं नाव पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात येतं, शेजारच्या सोपाऱ्याचंही येतं. त्यातली एक हकीकत आजच्या वाहतूकदाराला चटकन कळेल. आधी कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. मग सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. भडोच होतं क्षत्रपांकडे, म्हणजे सातवाहनांच्या वैऱ्यांकडे. बंदर बंद पाडलं की घाट आपोआप ओस पडतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान क्षत्रपाला हरवलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. लढाईचं कारण धर्म किंवा मानापमान असं शाळेत शिकवतात. मला ते कारण कल्याणची खाडी आणि नाणेघाट यांच्यामध्ये कुठेतरी सापडतं.

राजाने डोंगरावर कोरून घेणं दुसरीकडेही घडलं आहे. व्हिएतनाममध्ये हालाँग उपसागराच्या काठी एक डोंगर आहे. १४६८ मध्ये राजा ले थान तोंग तिथे आला, निसर्ग पाहून त्याने कविता केली आणि ती कड्यावर कोरून घेतली. तेव्हापासून तो कवितेचा डोंगर म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे उलटं झालं. डोंगरावर हिशेब कोरला गेला आणि कविता पोथ्यांतून आली. तीही त्याच सातवाहन घराण्याच्या नावाने. हाल सातवाहनाने जमवलेली 'गाथासप्तशती' ही महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांची ठेव; स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ती मराठीत सविस्तर आणली. तिच्यात राजे फारसे नाहीत. शेतकरी आहेत, गोदाकाठ आहे, सासू-सुना आहेत आणि जागोजागी वाटसरू आहेत. घरी वाट पाहणाऱ्या बायका, पावसाच्या आत परतायचं म्हणून पाय उचलणारे नवरे. पाणपोईवरच्या एका गाथेत तहानलेला वाटसरू बोटं फाकवून पाणी सांडू देतो, म्हणजे पोरीकडे जास्त वेळ पाहता येईल. आणि तीही धार बारीक करत जाते. ही गाथा नाणेघाटाच्या टाक्यापाशी घडली असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण ते टाकं पाहिल्यावर ती आठवली नाही, असा गाथा वाचलेला माणूस विरळा.

सातवाहन गेले तरी वाटेचं महत्त्व टिकलं. म्हणून तर घाटमाथ्याला लागून जीवधन किल्ला उभा आहे, पुढे चावंड, हडसर, शिवनेरी. निजामशाहीच्या पडत्या काळात शहाजीराजांनी लहानग्या मूर्तझाला जीवधनवरून सोडवून पेमगिरीला गादीवर बसवलं, ते १६३३ च्या सुमारास. जीवधनला लागून वानरलिंगीचा सुळका आहे. प्रस्तरारोहण करणाऱ्यांची ती आवडती जागा.

आता नाणेघाटाने माल चढत नाही. तो माळशेजने आणि कसाऱ्याने जातो. नाणेघाटात पावसाळ्यात गर्दी होते ती 'उलट्या धबधब्या'साठी : खालून कड्यावर आदळणारा वारा पडणारं पाणी पुन्हा वर फेकतो. दृश्य देखणंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्या गर्दीतले बहुतेक जण लेण्यात शिरतात ते पावसापासून आडोसा म्हणून, आणि ज्या भिंतीला टेकून भजी खातात ती भिंत वाचायची असते हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा दिवाळीनंतर, वाट कोरडी झाली की जा. लेखाचं मराठी वाचन छापील मिळतं, ते बरोबर घ्या आणि भिंतीसमोर उभे राहून एक तरी आकडा ओळखा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यात खडू किंवा चुना भरू नका, हातही फिरवू नका. दोन हजार वर्षांत वाऱ्या-पावसाने जेवढं खाल्लं, तेवढं पुरे आहे.