हिरडीच्या कडेचा पुरावा

तपासणीची काडी तोंडाजवळ आली की माणूस आधी थुंकी गोळा करू लागतो. इथे ती नको असते. हवा असतो तो दात आणि हिरडी यांच्या फटीतून पाझरणारा द्रव. रक्तातली प्रतिपिंडं त्यात झिरपतात, म्हणून कावीळ करणाऱ्या विषाणूंचा माग सुई न टोचता लागतो.

स्पंजची काडी हिरडीच्या कडेने, दात घासावेत तशी, मिनिटभर फिरवतात आणि नळीत बंद करतात. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फिरवून द्रव काढतात, मग प्रतिपिंडं शोधणारी एलायझा चाचणी. अवघड काम इथेच आहे. या द्रवात प्रतिपिंडं रक्तापेक्षा शेकडो पटींनी कमी असतात, त्यामुळे रक्तासाठीचा किट जसाच्या तसा चालत नाही. नमुन्यात आयजीजी, म्हणजे प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार, एकूण पुरेसं आहे का, हेही पाहावं लागतं. काडी नुसती गालावर फिरली असेल, तर बाधित माणूसही ‘निगेटिव्ह’ ठरू शकतो.

पॅरी, पेरी आणि मॉर्टिमर यांनी 1987 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तोंडातल्या द्रवातून प्रतिपिंडं शोधण्याची ही वाट दाखवली.

या वाटेची गरज पुण्यातल्या एका कामावरून कळते. तिथे कात्रज-धनकवडीला भारती विद्यापीठाच्या आवारात ‘इर्शा’ ही संशोधन संस्था आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) काविळीच्या विषाणूंवर आयुष्य घालवलेल्या डॉ. विद्या अरणकल्ले पुढे इथे आल्या. पुणेकरांच्या 1982 आणि 1992 सालच्या रक्तनमुन्यांची त्यांच्या गटाने तुलना केली होती. हेपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच गाठत होता, ई मात्र तरुण वयात. पाण्यातून पसरणारा हा ई गरोदर बाईच्या जिवावर उठतो, म्हणून कोणत्या वयात तो किती पसरला हे कळणं फार मोलाचं. पण असं सर्वेक्षण म्हणजे शेकडो दंडांत सुई, आणि लहान मुलाचा दंड पुढे करायला आई सहसा तयार नसते. अशा ठिकाणी, शाळांत आणि वस्त्यांत, हिरडीची काडी वापरायलाच हवी.

हेपॅटायटिस सीसाठी तर ती घरात पोचली आहे. तोंडातल्या द्रवावर चालणाऱ्या सीच्या स्वचाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2024 मध्ये मान्यता दिली. वरच्या आणि खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदा फिरवायची, द्रावणात उभी करायची. वीस मिनिटांनी दोन रेघा दिसल्या तर प्रतिपिंडं आहेत.

मात्र प्रतिपिंडं बरं झालेल्या माणसातही राहतात. दोन रेघा दिसल्या तर घाबरू नका आणि घरीही बसू नका. विषाणू अजून शरीरात आहे का हे कळण्यासाठी रक्तातल्या त्याच्या आरएनएची तपासणी करून घ्या. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.